वाघाला वावर, पैसा नुकसानीला

नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला तुरीच्या वावरात रोही (नीलगायी) घुसले की पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज जातो. शेजारच्यानं धुऱ्यालगतचा (बांधाकडचा) झुडपी पट्टा वाघाच्या येण्याजाण्यासाठी तसाच राहू दिला, तर त्याच्या हाती सहसा काहीच पडत नाही.

हा हिशेब जुना आहे. इंग्रजांच्या काळात नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती. तेव्हा सरकार रोख बक्षीस द्यायचं ते वाघ, बिबट, लांडगे मारण्याबद्दल! गावोगावची बरीच जंगलं मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे होती. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि ही जंगलं सरकारजमा झाली. पुढे महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायद्यानं 30 ऑगस्ट 1975 पासून उरलेली खासगी वनंही शासनाकडे आली. ज्यानं झाडं राखली त्याचीच जमीन गेली, असा अर्थ लोकांनी काढला. वावरात जंगल माजू दिलं तर सातबाऱ्यावर वनखातं चढेल, ही धास्ती आजही ऐकू येते. कायद्याच्या कसोटीवर ती प्रत्येक वेळी टिकणार नाही, पण ती हवेतून आलेली नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाच्या शिकारीवर बंदी आणली. भरपाई वाढत गेली: माणूस दगावल्यास वारसांना 2022 मध्ये 20 लाख, 2023 मध्ये 25 लाख रुपये. 2015 च्या जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांना गॅस आणि सौर कुंपणासाठी अनुदान मिळू लागलं. कुंपण गरजेचंच आहे, जागली करून माणसं थकलीत. पण त्यातून जनावर बाहेर राहतं, त्याला जागा मिळत नाही.

जागेचा विचार वन्यजीव कायद्याच्या 2002 च्या दुरुस्तीत आला. खासगी किंवा गावाची जमीन मालकाच्या इच्छेनं 'समुदाय राखीव' करता येते. मात्र एकदा घोषणा झाली की त्या राखीवाच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्याची मंजुरी घेतल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. मोबदल्याची हमी कायद्यात नाही. बंधन आधी आणि लाभ अधांतरी, अशा सौद्यात कोरडवाहू शेतकरी कशाला पडेल? अभयारण्याच्या गेटाजवळ जमीन असलेल्यानं रिसॉर्टला विकून टाकली, तर त्याला दोष देता येत नाही.

2023 मध्ये केंद्रानं ग्रीन क्रेडिट, म्हणजे पर्यावरणाच्या कामाबद्दल गुण देणारी योजना आणली. पण तिच्यातली वृक्षलागवड वनखात्याच्या ताब्यातल्या उजाड जमिनीवर करायची आहे. शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचं झुडूप तिथंही मोजणीत येत नाही.