घाटाकडे पाठ करून जीवाश्मांच्या शोधात

पुण्यात राहणाऱ्या माणसाला जीवाश्म शोधायचा नाद लागला, की पहिली अडचण पायाखालीच निघते. पर्वती, वेताळ टेकडी, सिंहगड, राजगड, जिकडे पाहावं तिकडे काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरत गेला आणि गोठून त्याचा बेसॉल्ट झाला. अकराशे अंश सेल्सिअसच्या त्या रसात हाड, शिंपला, पान काय टिकणार? बरं, लाव्ह्याच्या खाली तरी काही जुनं दडलं असेल म्हणावं, तर तीही आशा फारशी नाही. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल छिद्र घेतलं गेलं, तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटसारखा पायाखडक लागला. मधे गाळाचा खडक नाहीच. आणि जीवाश्म सापडतात ते बहुतेक गाळाच्या खडकात.

मुंबईकर या बाबतीत नशीबवान. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तिथे तळी साचली, त्यांच्या गाळात बेडूक आणि कासवं गाडली गेली आणि वर पुन्हा लाव्हा आला. वरळीच्या टेकडीतल्या त्या इवल्याशा बेडकाचं वर्णन इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केलं. आज त्याला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. नागपूरकरांकडे टाकळीच्या थरांतल्या गोगलगायी आणि झाडांचे अवशेष आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला तर डायनासोरची हाडंच नव्हे, त्या काळातली दगड झालेली विष्ठाही मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडल्याचं २००५ साली जाहीर झालं आणि गवताचा इतिहास एकदम मागे सरकला. पुण्याच्या वाट्याला काय आलं? दोन लाव्हाथरांमधला तांबडा पट्टा. कात्रज किंवा खंबाटकी घाटात कापलेल्या डोंगरात तो नीट दिसतो. खालच्या थराची झीज होऊन बनलेली माती वरून आलेल्या लाव्ह्यानं भाजून निघाली, तो हा पट्टा. दिसायला देखणा, पण जीवाश्मांच्या दृष्टीनं जवळपास रिकामा.

दगड जमवणाऱ्यांच्या जगात पुण्याचं नाव आहे, पण ते खनिजांसाठी. वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसलंय. जीवाश्म शोधत हिंडणाऱ्या आमच्या हौशी गटातले निम्मे लोक सुरुवातीला त्याच वाटेनं आले, आणि सुंदर स्फटिक हाती आला की जीवाश्म विसरतात ही त्यांची खोड अजून गेलेली नाही.

दुसरी अडचण व्हॉट्सअॅपची. कुठेतरी रस्ता रुंदीकरणात गोल गरगरीत दगड उघडे पडतात आणि ‘डायनासोरची अंडी सापडली’ म्हणून फोटो फिरायला लागतो. बेसॉल्टच्या ठोकळ्यात पाणी भेगांतून शिरतं, कोपरे आधी झिजतात, मग कडा, आणि शेवटी आत एक गोळा उरतो, ज्याचे पापुद्रे कांद्यासारखे सुटत जातात. सासवडच्या वाटेवर अशी ‘अंडी’ टेम्पो भरून मिळतील. दगडाच्या चिरेत उमटलेलं नाजूक नेचाचं पान असंच फसवं. मँगॅनीजचं ऑक्साइड फटीत पसरताना असे फाटे फुटतात. तिथे झाड कधीच नव्हतं. लाव्ह्यातल्या वायूच्या उभ्या नळ्या पुढे पांढऱ्या खनिजानं भरल्या, की लोक त्यांना बोटांची हाडं म्हणतात. नव्या सभासदाला आम्ही आधी हे सगळं दाखवतो. काही जण तिथेच गळतात.

मग जायचं कुठे? पुणेकराचे पाय रविवारी आपसूक पश्चिमेला वळतात, घाटमाथ्याकडे. जीवाश्म हवे असतील तर घाटाकडे पाठ करून पूर्वेला निघावं लागतं आणि डोंगराऐवजी नदी पाहावी लागते. आपल्या नद्यांच्या काठाला जुन्या गाळाच्या उभ्या दरडी आहेत. वाळू, गोटे, पिवळसर माती यांचे थर, काही हजार वर्षांपासून ते लाखो वर्षांपर्यंतचे. त्यांत प्राण्यांची हाडं टिकतात, आणि ती टिकण्यामागे पाऊस आहे. मुळशी-ताम्हिणीकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. एवढं पाणी मातीतून झिरपत राहिलं की चुना धुऊन जातो, माती आम्लधर्मी होते आणि हाड विरघळतं. शिरूर-दौंडच्या बाजूला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. बेसॉल्ट झिजताना सुटलेलं कॅल्शियम तिथे वाहून न जाता मातीतच साठतं, त्याचे पांढुरके खडे बनतात, त्यांना कंकर म्हणतात. अशा चुनेरी मातीत हाडाला अभय मिळतं.

हा केवळ तर्क नाही. गोदावरीच्या गाळात नांदूर मधमेश्वरला सापडलेल्या प्रचंड हत्तीबद्दल ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ पिल्ग्रिम यांनी १९०५ सालीच लिहून ठेवलंय. गोदावरी आणि मांजरा खोऱ्यांत रानबैल, हत्ती आणि चक्क पाणघोडे मिळालेत. पाणघोडा आज फक्त आफ्रिकेत उरलाय. एके काळी तो लातूरच्या बाजूला डुंबत होता, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थट्टाच वाटते. या अभ्यासाचं मोठं केंद्र पुण्यातच आहे, येरवड्याजवळचं डेक्कन कॉलेज. जी. एल. बदाम यांच्यासारख्या जीवाश्मतज्ज्ञांनी तिथे बसून भारतभरच्या नद्यांतले प्राणी ओळखले.

आमची सहल साधारण थंडीत निघते. पावसाळ्यात पुरानं काठ कापला जातो, नवा थर उघडा पडतो, आणि दिवाळीनंतर पाणी उतरलं की तो दिसतो. पण कुकडीसारख्या नदीवर एवढ्यावर भागत नाही. वरच्या धरणाचं आवर्तन सुटलं की कोरडं पात्र बघता बघता भरतं, म्हणून निघण्याआधी गावातल्या कुणाला तरी फोन करायचाच. दुसरी चौकशी बिबट्याची. जुन्नर तालुक्यात ऊस थेट काठापर्यंत आहे आणि उसात बिबट्या. तेव्हा एकट्यानं मागे रेंगाळायचं नाही आणि दिवेलागणीच्या आत गाडीत बसायचं. नारायणगावात मिसळ खाताना हे नियम पुन्हा सांगितले जातात आणि कुणीही ते ऐकत नाही, कारण एव्हाना विद्यार्थ्यांनी नकाशा उघडलेला असतो.

नवा माणूस सोबत असेल तर पहिला थांबा बोरी बुद्रुक. इथे जीवाश्म नाही, राख पाहायची. कुकडीच्या काठच्या गाळात एक फिकट राखी पट्टा आहे. हातात घेतली तर पिठासारखी मऊ, पण भिंगाखाली चकचकणारे काचेचे कण दिसतात, बुडबुडे फुटून उरलेल्या वक्र भिंतींचे तुकडे. या काचेत आपल्या बेसॉल्टपेक्षा सिलिका कितीतरी जास्त आहे, म्हणजे ती इथली नव्हे. ती आली तीन हजार किलोमीटरहून दूरच्या सुमात्रा बेटावरून, टोबा ज्वालामुखीतून. डेक्कन कॉलेजचे डॉ. शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या पट्ट्याकडे लक्ष वेधलं आणि मग त्याच्या वयावरून जो वाद पेटला तो आम्हाला फार आवडतो. पहिल्या मोजणीत वय आलं सुमारे १४ लाख वर्षं. दुसऱ्या पद्धतीनं ते जवळपास निम्म्यावर आलं. मग काचेची रासायनिक घडण तपासली, तर ती टोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाशी जुळली. त्यावरही सगळे राजी झाले नाहीत. राखेच्या आसपास अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळतात, त्यांचा आकार जुन्या धाटणीचा वाटतो, म्हणून काहींनी ही राख टोबाच्याच सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली.

इतका फरक पडतो कसा? राख पडली तेव्हा ती नदीकाठी पडली. पाण्यानं ती ढवळली, तिच्यात इथल्या जुन्या खडकाचे कण मिसळले. मोजणीत असे चार कण जरी घुसले तरी वय लाखांनी फुगतं. बोरीला आधी नेण्याचं कारण हेच. थर नीट पाहिला नाही तर प्रयोगशाळेतलं महागडं यंत्रही आपल्याला चकवतं, हे नवख्याला तिथे उभ्या उभ्या कळतं.

पुढची जागा घोड नदीच्या बाजूची, तिचं नाव लिहीत नाही. नाव छापून आलं की पुढच्या आठवड्यात तिथे कुदळी पोचतात.

काठावर पोचल्यावर बहुतेकजण वाकून गोट्यांत शोधायला लागतात. तिथे सापडत नाही असं नाही, पण पात्रातला तुकडा कुठल्या थरातून सुटून आला ते सांगता येत नाही. दरडीत अडकलेला बोटभर तुकडा मला पात्रातल्या अख्ख्या शिंगापेक्षा मोलाचा वाटतो. तो दिसला की आधी फोटो, शेजारी दहाचं नाणं ठेवून, म्हणजे मापाला २७ मिलिमीटरचा आधार मिळतो. मग मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश, दरडीच्या माथ्यापासूनची खोली, वरखालच्या थराचं वर्णन. तुकड्याला हात सगळ्यात शेवटी, तोही सहज सुटत असेल तर. हातोडा पिशवीतच राहतो. उभ्या दरडीत ठोकाठोक केली तर ती अंगावर येते.

सगळ्यात जास्त दगा देतो तो पुन्हा कंकर. झाडाच्या मुळाभोवती चुना साकळून नळी तयार होते, मूळ कुजून जातं आणि पोकळ पांढरी नळी उरते, हुबेहूब हाड. मोडून पाहिली तर आत नुसता दाणेदार चुना. खऱ्या हाडाच्या मोडीत बारीक जाळी दिसते. जुन्या सच्छिद्र हाडाला जीभ लावली तर ती चिकटते, ही जुनी युक्ती आमच्या गटात लोकप्रिय आहे. ती करावी की नाही हे ज्यानं त्यानं नदीचं पाणी पाहून ठरवावं.

हाडापेक्षा दात भरवशाचा. दातावरच्या एनॅमलचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग खनिजाचा असतो, हाडात ते प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणून सांगाडा गेला तरी दात मागे राहतात, आणि दातावरून प्राणी ओळखता येतो. आमच्या गटात दातांच्या एक डॉक्टर आहेत, सगळे त्यांना ताई म्हणतात. माणसाचे दात पाहून कंटाळल्यावर त्या बैलांकडे वळल्या असं त्याच सांगतात. गाय-बैलाच्या झिजलेल्या दाढेवर चंद्रकोरी दिसतात, घोड्याच्या दाढेवर एनॅमलची दाट वळणं, पाणघोड्याच्या दाढेवर तीन पाकळ्यांची नक्षी. हत्तीची दाढ म्हणजे उभ्या पट्ट्यांची चळत. एखादी सुटी पट्टी मिळाली तर नवखा माणूस तिला फरशीचा तुकडा समजून टाकून देतो.

गेल्या हिवाळ्यात चुन्यानं घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात एक दाढ अर्धी बाहेर आलेली दिसली. चंद्रकोरी स्वच्छ होत्या. गटात लगेच ‘रानबैल, रानबैल’ सुरू झालं. ताई म्हणाल्या, “बैल नक्की. रान कशावरून?” खरा प्रश्न हाच. नदीकाठी इनामगावसारख्या तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्या आहेत, त्यांची जनावरं आहेत, आणि परवाच्या पुरात वाहून आलेली म्हैसही आहे. दात सगळ्यांचे सारखेच दिसतात.

इथे फ्लोरिन कामाला येतं. पुरलेलं हाड भूजलातलं फ्लोरिन हळूहळू शोषत राहतं, म्हणून एकाच जागच्या दोन हाडांत जुनं कोणतं ते कळू शकतं. इंग्लंडमधल्या पिल्टडाउनच्या बनावट ‘आदिमानवा’चं पितळ १९५३ साली उघडं पडलं त्यात या चाचणीचा मोठा वाटा होता. आपल्याकडच्या नद्यांतल्या हाडांवरही ती वापरली गेलीय. पण पाण्यातलं फ्लोरिन जागोजाग बदलतं, त्यामुळे घोडकाठचं हाड गोदाकाठच्या हाडाशी ताडून पाहता येत नाही. तुलना त्याच दरडीतल्या, त्याच थरातल्या हाडांशी हवी. म्हणजे पुन्हा वही, खोली आणि थर. आम्ही ती दाढ काढली नाही. नोंदी आणि फोटो जाणकारांकडे दिले.

घरी काय नेता येतं, असं लोक नेहमी विचारतात. भूवारसा आणि जीवाश्म जपण्यासाठी केंद्रानं २०२२ साली विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. आमचा स्वतःचा नियम त्याहून साधा: मणका असलेल्या प्राण्याचं काहीही घरी न्यायचं नाही. पात्रात सुटे पडलेले गाळातले शिंपले दोन-चार चालतात. खरा धोका छंदिष्टांपासून नाहीच म्हणा. जेसीबीनं वाळू उपसली जाते तेव्हा अख्खी दरड एका रात्रीत जाते.

काठावरच्या शेताच्या मालकाला आधी विचारायचं हेही ठरलेलं. आम्हाला दिवसभर वाकलेलं पाहून तिथले एक आजोबा संध्याकाळी बांधावर आले. “काय पाव्हणं, घावलं का सोनं?” दाढेचा फोटो दाखवला तर त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. शिंपले मात्र ओळखीचे निघाले. त्यांची विहीर खणली तेव्हा चार परसांवर, म्हणजे चार पुरुष खोल, असल्याच शिंपल्यांचा वीतभर थर लागला होता आणि त्याच्या खाली पांढरी भुकटी. भुकटी म्हणताच आमच्यातले दोघे वही उघडून खालीच बसले. ती राख असेल किंवा नुसता चुना. लिंबाचे चार थेंब टाकले तर चुना फसफसेल, काच फसफसणार नाही. आजोबांच्या विहिरीला आता आतून बांधकाम आहे, काही दिसत नाही. पण शेजारचा पुतण्या यंदा उन्हाळ्यात विहीर पाडतोय. चौथ्या परसाला हात घातला की बांधकामाआधी फोन करायला त्याला सांगून ठेवलंय.