एकटीने फिरताना डोक्यात नेमकं काय होतं?

मागे ऑफिसात एकदा साहेब चारचौघांत मला एक वाक्य बोलले, तसं साधंच वाक्य, दुसरा कोणी असता तर जेवायच्या सुट्टीपर्यंत विसरला असता, पण मी ते आठवडाभर डोक्यात घेऊन बसले. भांडी घासताना तेच, कदंबच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकवलं की तेच, मी तेव्हा काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मनात काय म्हणाले असतील, परत पहिल्यापासून. शनिवारी सकाळी मी कोणालाच फोन न करता पणजीजवळच्या रायबंदरला गेले आणि मांडवी नदीतल्या चोडण बेटाच्या फेरीबोटीत चढले. फेरीत एका मावशीने विचारलं, "बाय, एकटीच गो?" मी म्हटलं, हो, पक्षी बघायला.

चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे हे गोव्यात बहुतेकांना माहीत असतं, पण ते किती लहान आहे ते तिथे गेल्यावरच कळतं, जेमतेम १.८ चौरस किलोमीटर, मांडवीच्या काठचं कांदळवन. बाजूला खाजन जमीन आहे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं, तिच्या बांधावर दोन म्हशी डोळे अर्धे मिटून रवंथ करत बसल्या होत्या. मी बराच वेळ बघत राहिले. माझं आठवडाभर हेच तर चाललं होतं, फक्त म्हशीचा चारा रवंथ केल्यावर पचतो, आणि माणसाचे विचार कितीही चघळले तरी तसेच्या तसे परत तोंडात येतात.

मानसशास्त्रात या सवयीला रुमिनेशन म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थसुद्धा रवंथच आहे. हे साधं काळजी करणं नाही, स्वतःबद्दलच्या त्याच त्या वाईट विचारांत फिरत राहणं आहे, आणि ते फार वाढलं तर डिप्रेशनचा धोका वाढतो, म्हणून संशोधक त्याच्याकडे गंभीरपणे बघतात. २०१५ मध्ये ग्रेगरी ब्रॅटमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर एक सुंदर प्रयोग केला. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या आसपास ३८ निरोगी माणसं घेतली, निम्म्यांना ९० मिनिटं गवताच्या, ओकची झाडं असलेल्या मोकळ्या जागेत चालायला लावलं आणि निम्म्यांना तितकाच वेळ गाड्यांनी गजबजलेल्या मोठ्या रस्त्याच्या कडेने. चालण्याआधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली, मेंदूचं स्कॅनही केलं. झाडांमधून चालून आलेल्यांचं रवंथ कमी झालं होतं, आणि मेंदूच्या पुढच्या भागात आत खोलवर एक छोटा तुकडा असतो, जो माणूस स्वतःला दोष देत दुःखात बुडालेला असताना जास्त काम करतो, तोही त्यांच्यात शांत झाला होता. रस्त्याच्या कडेने चाललेल्यांमध्ये यातलं काहीच दिसलं नाही. म्हणजे पाय दोघांचे सारखेच चालले, व्यायाम साधारण तेवढाच झाला, फरक पडला तो आजूबाजूला काय होतं याने.

हे असं का होत असेल? मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅपलन या जोडप्याने १९८९ च्या सुमारास जे मांडलं ते मला सगळ्यात पटतं. आपलं लक्ष दोन तऱ्हेचं असतं, एक आपण जोर लावून एका जागी धरून ठेवतो ते, हिशेब तपासताना, पणजीत चारही बाजूंनी गाड्या येत असताना रस्ता ओलांडताना, कोणाचं बोलणं ऐकून नीट उत्तर देताना. हे लक्ष थकतं, आणि ते थकलं की चिडचिड होते, चुका होतात, नको तो विचार दाराबाहेर ठेवायची ताकदही जाते. दुसरं लक्ष आपोआप लागतं. पाण्यावरचा उजेड हलतोय, माडाची झावळी वाऱ्याने फिरते, चिखलात एक नांगी भलीमोठी असलेली बारकी कुर्ली ती नांगी वरखाली हलवत उभी आहे, याकडे बघायला जोर लागत नाही, आणि ते इतकंही ओढून घेत नाही की मनात दुसऱ्या कशाला जागाच उरू नये. अशा वेळी ते पहिलं लक्ष विश्रांती घेतं. मोबाईलसुद्धा लक्ष आपोआपच ओढतो, पण तो सगळंच ओढून घेतो, काही शिल्लक ठेवत नाही, म्हणून तासभर रील बघून उठल्यावर डोकं हलकं वाटत नाही.

याची परीक्षा मार्क बर्मन, जॉन जोनिडिस आणि याच स्टीफन कॅपलनने २००८ मध्ये घेतली. विद्यार्थ्यांना आकडे ऐकवून ते उलट्या क्रमाने म्हणायला सांगितलं (करून बघा, सहा-सात आकडे झाले की घाम फुटतो), मग कोणाला झाडांच्या बागेत तासाभराच्या आसपास चालायला पाठवलं, कोणाला शहरात, आणि परत तीच परीक्षा. बागेतून आलेले साधारण २० टक्क्यांनी सुधारले. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. काहीजण कडक थंडीत चालले होते, त्यांना ते चालणं फारसं आवडलंही नव्हतं, तरी फायदा त्यांनाही तेवढाच झाला! आपल्याकडे मे महिन्यात घामाने जीव जातो आणि जूनपासून वर्षाचा बहुतेक सगळा म्हणजे सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेव्हा "हवा चांगली झाली की जाऊ" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता मुख्य प्रश्न, एकटंच का? मैत्रिणींबरोबर गेलं तर झाडं तीच असतात ना?

तीच असतात, पण बरोबरच्या माणसाशी बोलायला तेच थकलेलं लक्ष लागतं. ती काय म्हणते ते ऐकायचं, तिला चालायचा कंटाळा आला का बघायचं, फोटो काढायचा, काढून घ्यायचा, डबा कुठे उघडायचा ते ठरवायचं. यात वाईट काहीच नाही, मी सहलींना आनंदाने जाते, त्यातला आनंदच वेगळा. पण विश्रांती म्हणून बघितलं तर ती कमी मिळते. २००४ मध्ये स्टाट्स आणि हार्टिग या दोघांनी नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांना चित्रं दाखवून, रानातून किंवा शहरातून आपण चालतोय अशी कल्पना करायला सांगून हाच प्रश्न विचारला होता, एकट्याने की मित्राबरोबर. निष्कर्ष असा की मित्र बरोबर असण्याचा फायदा होतो तो मुख्यतः सुरक्षित वाटतं म्हणून, आणि जिथे सुरक्षिततेची चिंता नसते तिथे रानात एकटं असणंच जास्त आराम देणारं ठरतं. ही कल्पनेतली फेरी होती, खरी नव्हे, हे मान्य, तरी बायकांच्या दृष्टीने मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला एकटं आवडत नाही असं आपण समजून चालतो, पण कितीदा तरी आपल्याला एकटं आवडत असतं आणि फक्त भीती वाटत असते. या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि भीतीवर उपाय करता येतो.

एकटं असणं आणि एकाकी असणं यातही गल्लत करू नका. एकाकीपणा शरीराला खरोखर बाधतो. २०१० मध्ये जूलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास, म्हणजे तीन लाखांवर माणसांची माहिती, एकत्र करून तपासली तेव्हा ज्यांची नातीगोती भक्कम त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. त्यामुळे माणसं तोडून रानात जा असं कोणी म्हणत नाही. मी म्हणतेय ते आपणहून निवडलेल्या थोड्या वेळाबद्दल. २०१८ मध्ये नुयेन, रायन आणि डेसी यांनी लोकांना साधारण १५ मिनिटं नुसतं एकटं बसवून बघितलं तर जोरात असलेल्या सगळ्याच भावना खाली आल्या, राग आणि घालमेल तर कमी झालीच पण उत्साहसुद्धा थोडा निवला, जसं उकळी आलेल्या दुधाखालचा गॅस बारीक करावा तसं. आणि ज्यांनी एकटेपण स्वतः निवडलेलं असतं त्यांना त्यात जास्त निवांत वाटतं.

मग घरातच दार लावून बसलं तर नाही का चालणार? अवघड आहे. टिमथी विल्सनच्या २०१४ च्या प्रयोगात माणसांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं फक्त स्वतःच्या विचारांबरोबर बसायला सांगितलं होतं, हवं तर स्वतःला विजेचा हलका झटका द्यायची सोय ठेवली होती, आणि १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी तो झटका खरंच घेऊन बघितला. रिकामी खोली मनाला धरायला काहीच देत नाही. व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी देतं, आणि मला वाटतं एकट्याने बाहेर जाण्यातलं मर्म इथेच आहे.

प्रवासाच्या आणखी एका फायद्याबद्दल फार कमी लोक बोलतात, तो म्हणजे रस्ता. भावाच्या स्कूटरवर मागे बसून मी दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळीच्या रानात चार-पाच वेळा तरी गेले असेन, तरी पहिल्यांदा स्वतः गाडी घेऊन निघाले तेव्हा तिळामळच्या पुढे मला काहीही ओळखीचं वाटेना! रिवणपर्यंत विचारत विचारत गेले, पुढे मोबाईलची रेंज गेली, मग एक वळण, एक घुमटी (छोटं देऊळ), एक कुळागर (पोफळीची बाग) असं स्वतःच मनात लावत गेले, आणि तो रस्ता आता मी झोपेतही सांगेन. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे, तिथे जॉन ओकीफला १९७१ मध्ये अशा पेशी सापडल्या ज्या ठराविक जागी आल्यावरच चेततात, पुढे २००५ मध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझरना अंतराची आखणी करणाऱ्या दुसऱ्या पेशी सापडल्या, २०१४ चं नोबेल तिघांना मिळालं. आपण स्वतः वाट शोधतो तेव्हा हा नकाशा घडतो, मागच्या सीटवर बसून गप्पा मारताना तो तितका नीट घडत नाही. आठवणी साठवायचं कामसुद्धा याच भागाकडे आहे, म्हणून एकट्याने केलेला प्रवास इतका स्पष्ट आठवतो असं मला वाटतं.

काही दावे मात्र जपून घ्या. जपानमध्ये १९८२ पासून वनस्नानाचा सरकारी प्रचार आहे आणि झाडांतून निघणाऱ्या वासाच्या द्रव्यांनी प्रतिकारशक्तीच्या पेशी वाढतात असं तिथले काही अभ्यास सांगतात, पण ते फार थोड्या माणसांवरचे आहेत. चार दिवस रानात मोबाईलशिवाय राहिल्यावर कल्पकतेच्या चाचणीत ५० टक्के वाढ दिसली असं २०१२ चं एक संशोधन नेहमी सांगितलं जातं, ती माणसं गटाने गेली होती, तेव्हा त्याचं श्रेय एकटेपणाला देता येत नाही.

किती वेळ लागतो? २०१९ मध्ये इंग्लंडच्या जवळजवळ २०,००० लोकांची माहिती तपासली तेव्हा आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात जाणाऱ्यांची तब्येत आणि समाधान दोन्ही चांगलं दिसलं, ती एकदम घालवली की तुकड्यातुकड्याने याने फरक पडला नाही. अर्थात ज्यांची तब्येत बरी तेच जास्त बाहेर पडतात असंही असू शकतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात २० ते ३० मिनिटांत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सगळ्यात झपाट्याने उतरलं, आणि त्या वेळात फोन वापरायचा नाही अशी अट होती. म्हणजे आठवड्याला चार वेळा अर्धा अर्धा तास, फोन पिशवीत. घरामागचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं माळरानसुद्धा चालेल, नेत्रावळीलाच जायला पाहिजे असं नाही.

भीतीवर उपाय म्हटलं, तर तो नीट करा, कारण मनात धास्ती असेल तर लक्षाला विश्रांती मिळतच नाही आणि सगळी फेरी वाया. कुठे जातेय आणि किती वाजता परत येतेय हे एका माणसाला सांगून निघायचं. पावसात धबधब्याच्या पाण्यात एकटीने कधीही उतरायचं नाही, वर डोंगरात पाऊस पडला की खालचा व्हाळ बघता बघता चढतो. जांभ्या दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, फुरसं पाचोळ्यात दिसत नाही, पायात बूट पाहिजेतच. सत्तरी तालुक्याच्या बाजूला जानेवारी ते मे माकडताप असतो, गोचिडीमुळे होतो, तेव्हा त्या दिवसांत तिथल्या रानात एकट्याने जाऊच नका, आणि माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. अभयारण्यात तिकीट काढून, आखलेल्या वाटेनेच फिरायचं. आई पहिली दोन वर्षं "कोण आहे बरोबर?" एवढंच विचारायची आणि माझ्याकडे उत्तर नसायचं, आता "कितीच्या फेरीने येतेस?" असं विचारते, त्याला मला उत्तर देता येतं.

चोडणला जायचं तर भरती-सुकतीची (ओहोटीची) वेळ बघून जा. सुकतीला चिखल उघडा पडतो, कांदळाची चिखलातून वर आलेली श्वासाची मुळं दिसतात, निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, त्यांच्यामधून उड्या मारत असतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असाल तर बाहेर देशातून आलेले तुतवार पक्षी शेपूट हलवत काठाकाठाने फिरताना दिसतात. एका जागी पंधरा मिनिटं अजिबात न हलता उभं राहिलं की खंड्या इतक्या जवळच्या फांदीवर येऊन बसतो की त्याने सूर मारताना पाणी कापल्याचा आवाज ऐकू येतो.