रोलप्लेइंग सिस्टिमची निवड (मारेकरी रोबोंच्या कॅम्पेनसाठी)

टेबलटॉप रोलप्लेइंग हा चार-पाच जणांनी एकत्र बसून, बोलत बोलत गोष्ट घडवण्याचा खेळ आहे. एक जण जग आणि संकटे उभी करतो, त्याला खेळाडू जीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. काम फत्ते होईल की फसेल याची खात्री नसते तिथे फासे टाकतात. कोणते फासे, किती, आणि पडलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे सांगणारा नियमसंच म्हणजे सिस्टिम. आणि एकच कथानक अनेक बैठका चालले की ती कॅम्पेन. माणसांच्या जिवावर उठलेल्या रोबोंची कॅम्पेन खेळायची तर सिस्टिम कोणती घ्यावी, याचा विचार या नोंदीत सातारा-सांगलीच्या खेळाडूंना समोर ठेवून केला आहे.

खेळाचा छापील इतिहास अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून सुरू होतो. मात्र सांगलीकराला त्याची घडण परकी वाटण्याचे कारण नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत जे नाटक उभे केले त्यात सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. लिहिलेली संहिता हातात नसताना प्रसंग पेलायचा, हे कसब दोन्हीकडे एकच आहे.

जखमेचा नियम

निवड करताना बहुतेक गट आधी जग कुठले, शतक कोणते, अंतराळयाने आहेत का, हे पाहतात. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा: रोबोने झाडलेली गोळी पात्राला लागली तर नियमांनुसार पुढे काय होते? मारेकरी रोबोची भीती याच उत्तरावर उभी राहते. जीएमने वर्णन कितीही अंगावर काटा आणणारे केले, तरी खेळाडूला आपल्या कागदावरचा आकडा दिसत असतो, आणि तो आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत शरीराची ताकद बऱ्यापैकी असलेला योद्धा पहिल्या पातळीवर साधारण १२ हिट पॉइंट (मार झेलण्याची शिल्लक) घेऊन उतरतो आणि दहाव्या पातळीवर त्याचे ८४ होतात. तलवारीचे वार झेलत झेलत मोठा होणारा वीर त्या खेळाला हवाच असतो. पण त्याच योद्ध्यासमोर रायफलधारी रोबो उभा केला तर दहाव्या पातळीचा खेळाडू शांतपणे हिशेब करतो की अजून पाच-सहा गोळ्या खाता येतील, आणि तिथेच रोबोची भीती मेली. बहुतेकांना हीच सिस्टिम आधीपासून येत असते, त्यामुळे तिचाच आग्रह होतो. या विषयासाठी तो मोडून काढावा.

मार्क मिलर यांच्या ट्रॅव्हलरमध्ये (१९७७) हिट पॉइंटांचा वेगळा साठाच नाही. मार थेट पात्राच्या गुणांवर बसतो: आधी सहनशक्ती घटते, ती संपली की ताकद किंवा चपळाई. जखमी माणूस जखमी माणसासारखाच वागू लागतो, त्याचा नेम चुकतो, त्याला धावता येत नाही. वर्षे गेली तरी पात्र गोळीपुढे फारसे टणक होत नाही. त्याच्या ओळखी, कर्जे आणि अनुभव वाढतात. दोन फासे टाकून बेरीज ८ किंवा जास्त आली की काम झाले, हा सध्याच्या आवृत्त्यांचा गाभा. काहीही अधिक-उणे नसेल तर ही शक्यता सुमारे ४२ टक्के, आणि दोनाची भर मिळाली तर ७२. म्हणून आडोसा, अंधार, चांगले हत्यार अशा लहान सोयींचे मोल भारी होते, आणि खेळाडू आपणहून जपून वागायला लागतात. दीर्घ कॅम्पेनसाठी प्रस्तुत लेखकाची पहिली पसंती हीच आहे.

स्टीव्ह जॅक्सन यांची गर्प्स (१९८६) याहून काटेकोर आहे. तीन फाशांची बेरीज कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली पाहिजे. कौशल्य १० असेल तर यश निम्म्या वेळा, १२ असेल तर ७४ टक्के, १४ ला ९१. साध्या माणसाचे हिट पॉइंट १०, आणि लष्करी रायफलच्या एका गोळीला पाच फाशांचा मार, म्हणजे सरासरी साडेसतरा. उलट रोबोच्या चिलखताचा आकडा प्रत्येक गोळीच्या मारातून वजा होतो. चिलखत २५ चे ठेवले तर तीच रायफल त्याच्यावर क्वचितच ओरखडा उठवते. मग पात्रांना उंची, पाणी, वीज, चिखल असल्या गोष्टींचा विचार करणे भाग पडते, आणि याच विषयातली उत्तम बैठक तिथे घडते. यंत्रांचे डोके असलेल्या खेळाडूंना, आणि सांगलीच्या वालचंद कॉलेजच्या गावात ते कमी नाहीत, रोबोचा सुटा भाग न् भाग गुणांच्या हिशेबात बांधण्याची ही सोय फार आवडते. मात्र जीएमची पूर्वतयारी वाढते, आणि पात्र बनवण्यातच एक संध्याकाळ जाते.

रोबो कोणता

एकटा, न थांबणारा शिकारी असेल तर वरच्या दोन्ही सिस्टिम पुरतात. झुंड असेल तर त्या जड जातात. वीस ड्रोनच्या प्रत्येकी वेगळ्या नोंदी ठेवत बसले की बैठक कण्हू लागते. शेन हेन्स्ली यांच्या सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये (२००३) किरकोळ शत्रू एका जखमेत पडतो आणि महत्त्वाची पात्रे तीन जखमा सोसतात, त्यामुळे झुंडीची लढाई तासाभरात उरकते. यंत्रांसाठी तयार नियमही त्यात आहेत: त्यांना विष आणि रोग बाधत नाहीत, ती धक्क्यातून लवकर सावरतात. यात भय कमी आणि धडाका जास्त, हे लक्षात ठेवून घ्यावे.

माणसांत मिसळलेला रोबो हा सर्वांत नाजूक प्रकार. इथे भीतीला स्वतःचा आकडा देणाऱ्या सिस्टिम कामी येतात. मदरशिपमध्ये (२०१८) शंभरच्या फाशावर (दहा बाजूंचे दोन फासे मिळून) पात्राच्या गुणापेक्षा कमी पाडायचे असते. चुकले की ताण एकाने वाढतो आणि तो साठलेला ताण पुढे घबराटीच्या वेळी भोवतो. अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा रोबो, हे तिथे खेळाडूने घेण्याचे पात्र आहे आणि तो जवळ असला की सोबत्यांना भीतीशी झगडणे अवघड जाते. एका नियमात केवढी अस्वस्थता मावते ते इथे पाहावे. एलियन या खेळात (२०१९) सहा बाजूंच्या फाशांची मूठ टाकतात; सहा पडला की यश. चुकल्यावर जोर लावून पुन्हा टाकता येते, पण त्याबरोबर ताणाचा एक फासा वाढतो, यशाची आशाही वाढते आणि त्या फाशावर एक पडला तर पात्र घाबरून भलतेच काही करते. अँड्रॉइडला ताण येतच नाही. त्यामुळे लपलेला रोबो चालवणारा खेळाडू फाशांवरूनच उघडा पडण्याचा धोका असतो. त्याने खोटा ताण कसा दाखवायचा, हे जीएमने त्याच्याशी एकट्यात ठरवून घ्यावे.

संगणकच सत्ताधीश झाला आहे, अशी मांडणी पॅरानोइयात (१९८४) आहे. तिचा सूर विनोदी आहे. प्रत्येक पात्राच्या सहा प्रती असतात, एक मेली की दुसरी येते. एखाद्या रात्रीला तो खेळ अप्रतिम, पण ज्यांना मरण जड वाटायला हवे त्यांच्यासाठी नाही. फेटमध्ये (सध्याची मुख्य आवृत्ती २०१३) पात्रे मुळातच कर्तबगार असतात आणि अडल्या क्षणी खर्चून पारडे आपल्याकडे झुकवण्यासाठी फेट पॉइंट हाताशी असतात. रोबोंविरुद्ध बंड जिंकायचेच असेल तर ती घ्यावी.

कोयना ते आयर्विन

सिस्टिम आणि भूगोल यांचा मेळ कसा बसतो यासाठी एक मांडणी पुरेशी आहे. पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाच्या सहा वक्र दरवाजांचा ताबा एका यंत्रबुद्धीने घेतला आहे. तिथून सुटलेले पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि सांगलीत आयर्विन पुलाखाली येते. पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी मानतात. पावसाळ्यात ‘आयर्विनला किती फूट?’ हा प्रश्न सांगलीत घराघरांत असतो. इकडे साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगांत आणि पावसाळी धुक्यात, त्या बुद्धीचे ड्रोन वस्ती करून आहेत.

अशा कथेत शत्रू एका जागी उभा नसतो, म्हणून गोळी-चिलखताचे नियम मागे पडतात आणि काळ मोजणारे नियम पुढे येतात. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये (२०१०) संकटाचे घड्याळ कागदावर रेखून त्याचे कप्पे एकेक भरत नेण्याची पद्धत आहे; सगळे भरले की संकट कोसळते. दोन फाशांवर १० किंवा जास्त आले तर पूर्ण यश, ७ ते ९ ला यश पण काहीतरी मोजून, ६ किंवा कमी आले तर जीएम संकट पुढे सरकवतो. काही भर नसताना पूर्ण यश सहात एकदाच मिळते, त्यामुळे घड्याळ सतत भरत राहते. कप्प्यांऐवजी आयर्विनचे फूट लिहिले की सांगलीच्या खेळाडूला एकही खुलासा लागत नाही. घड्याळाची ही युक्ती ट्रॅव्हलरवरही जशीच्या तशी बसवता येते.

इथे एक गोष्ट गंभीरपणे पाळावी. २०१९ चा महापूर अनेकांनी घरात पाणी शिरताना पाहिला आहे. पहिल्या बैठकीआधी सगळ्यांना विचारावे की कथेत पूर चालेल का, आणि कोणी एकानेही नको म्हटले तर कारण न विचारता धरण सोडून द्यावे. अनेक गट टेबलावर एक्स-कार्ड ठेवतात: कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबतो.

फासे, भाषा, पैसा

सहा बाजूंचे फासे लुडो-सापशिडीच्या डब्यातून मिळतात. वीस किंवा दहा बाजूंचे बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात. मोबाइलवर टाकता येतात, पण टेबलावर घरंगळणाऱ्या फाशाकडे पाच जणांची नजर लागते ती मजा त्यात नाही. ट्रॅव्हलर, गर्प्स, एलियन, अपोकॅलिप्स वर्ल्ड या सर्व सहाच्या फाशांवर चालतात.

नियमपुस्तके इंग्रजी आहेत, म्हणून जीएमने कॅरेक्टर शीट (पात्राचे आकडे लिहिलेला कागद) मराठीत उतरवून द्यावी. ‘सहनशक्ती ४’ हे वाचून पात्र थकल्यासारखे बोलू लागते. खर्चाची अडचण असेल तर गर्प्सची ३२ पानी लाइट आवृत्ती आणि मदरशिपची खेळाडू-पुस्तिका डिजिटल रूपात फुकट आहेत, आणि फेटचे नियम खुल्या परवान्याखाली मिळतात.

दोन सिस्टिमांत मन अडकले तर एकच प्रसंग दोन्हींत खेळून पाहावा: पात्रे बंद कारखान्यात आहेत, दार एकच आहे आणि बाहेरून रोबो येतो आहे. ज्या सिस्टिममध्ये खेळाडू दाराकडे जाण्याआधी थबकतात, ती घ्यावी. तीन-चार बैठकांत संपवायचे असेल तर मदरशिप, वर्षभर चालवायचे असेल तर ट्रॅव्हलर. कॅम्पेन मध्यावर असताना सिस्टिम बदलायची वेळ आली तर जुने आकडे रूपांतरित करत बसू नये. पात्राला काय येते आणि त्याला काय झाले आहे एवढे लिहून घेऊन नव्या नियमांत ते पुन्हा बांधावे.