लायपो पॅकची निवड (आरसी मॉडेल)

रेडिओ-नियंत्रित विमान, ड्रोन, गाडी किंवा बोट यांच्या मोटरसाठी लिथियम पॉलिमर पॅक, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘लायपो’, निवडताना व्होल्टेज, प्रवाह, वजन आणि क्षमता यांचा मेळ घालावा लागतो. नावातल्या ‘पॉलिमर’वर फार जाऊ नये. बहुतेक सेलमधला इलेक्ट्रोलाइट द्रव किंवा जेलसारखाच असतो. वेगळेपण आहे ते धातूच्या डब्याऐवजी वापरलेल्या पातळ, मऊ पाकिटाचे. त्यानेच वजन वाचते आणि त्यामुळेच आपटल्यावर किंवा टोक लागल्यावर सेल निकामी होतो. म्हणून गाड्यांसाठी टणक कवचाचे पॅक मिळतात. विमानात ते वजन परवडत नाही.

व्होल्टेज

हा निर्णय मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) ठरवतात, मालकाची हौस नव्हे. एका सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.७, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२०. ‘एस’ म्हणजे एकसर जोडणीतले सेल, ‘पी’ म्हणजे समांतर जोडणीतले. ३एस पॅक ११.१ व्होल्टचा म्हणवतो, पण चार्जरवरून उतरताना १२.६ दाखवतो. ‘एचव्ही’ (हाय व्होल्टेज) जातीचे सेल ४.३५ पर्यंत भरता येतात. साधा सेल चार्जरच्या त्या मोडवर लावला तर फुगतो, पेटूही शकतो.

प्रोपेलर तोच ठेवून ३एसऐवजी ४एस लावणे ही नेहमीची घोडचूक. पंख्याला लागणारा प्रवाह ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आधी २० अँपिअर खेचणारी मोटर आता ३५ च्या घरात जाते आणि ३० अँपिअरचा ईएससी जळतो. एस वाढवायचा तर प्रोपेलर लहान करावा किंवा कमी केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला कमी फेरे घेणारी, मोटर घ्यावी.

प्रवाह आणि सी-रेटिंग

पॅक क्षमतेच्या किती पट प्रवाह देऊ शकतो, ते सी सांगतो. हिशेब सोपा आहे : २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास, गुणिले २५सी, बरोबर ५५ अँपिअर. अडचण अशी की सी मोजण्याची पद्धत सर्व उत्पादकांना बांधून घालणारी नाही, आणि लेबलवर सर्वांत सैल हाताने छापलेला आकडा हाच. तो निम्मा धरून चालणे शहाणपणाचे. मोटर खरोखर किती खेचते हे पूर्ण चार्ज पॅक लावून, पूर्ण थ्रॉटलवर वॅटमीटरने मोजावे. ३० अँपिअर आले तर लेबलवर निदान ६० बसले पाहिजेत.

लेबलपेक्षा तराजू बरा. क्षमता आणि सी सारखेच छापलेल्या दोन पॅकांपैकी एक लक्षणीय हलका असेल, तर बहुधा त्याचाच आकडा फुगवलेला असतो. त्याहून पक्की खूण म्हणजे अंतर्गत रोध. सेलमागे ८ मिलिओहम असलेल्या ३एस पॅकमधून ३० अँपिअर घेतले की ०.७२ व्होल्ट आतच पडतात आणि २१ वॅटहून जास्त उष्णता पॅकच्या पोटात जिरते. ३ मिलिओहमच्या सेलमध्ये हीच घट ०.२७ व्होल्ट. तुलना करताना चार्जर, तापमान आणि चार्जची पातळी एकच ठेवावी. थंडीत रोध वाढतो आणि चांगला पॅकही नापास वाटतो.

क्षमता

ही शेवटी ठरवावी. ८० टक्केच वापरायची असे धरले तर २२०० मधून १.७६ अँपिअर-तास हाती येतात. सरासरी १५ अँपिअरवर ती सुमारे ७ मिनिटे. विमानात क्षमता दुप्पट केल्याने वेळ दुप्पट होत नाही, कारण वाढलेले वजन पेलायला थ्रॉटल जास्त लागतो. शिवाय पॅक मागेपुढे सरकवून गुरुत्वमध्य जुळवायला कप्प्यात जागा उरावी लागते. कप्पा मोजताना तारा आणि कनेक्टर विसरले जातात. लांबीत त्यांचेही माप धरावे.

जोडणी आणि कट-ऑफ

एक्सटी ६० कनेक्टर नावाप्रमाणे ६० अँपिअरच्या वर्गातला. त्यापुढे एक्सटी ९०. प्रत्येक सेल वेगळा मोजता-भरता यावा म्हणून दिलेल्या बॅलन्स प्लगमध्ये सेलपेक्षा एक तार जास्त असते : ३एसला चार. जुना कनेक्टर काढताना दोन्ही तारा एका कात्रीत धरल्या की थेट शॉर्ट होतो. एक तार कापावी, नवे टोक डाख देऊन झाकावे, मगच दुसरीला हात लावावा.

अनेक ईएससी सेलची संख्या जोडताक्षणीच्या व्होल्टेजवरून ओळखतात. सेलमागे ३.१५ पर्यंत उतरलेला ४एस पॅक आणि भरलेला ३एस दोन्ही १२.६ च, त्यामुळे अर्धवट वापरलेला पॅक पुन्हा लावला तर कट-ऑफ, म्हणजे मोटर बंद करण्याचे व्होल्टेज, चुकीच्या जागी बसतो आणि सेल ३ व्होल्टखाली जातात. गाड्यांच्या ईएससीत सेटिंग निकेल बॅटरीवर राहिले असले तरी शेवट हाच. बॅलन्स प्लगला लावायचा, सेल उतरला की वाजणारा छोटा बझर यावर पुरेसा उपाय आहे.

नवा पॅक हाती आला की आधी प्रत्येक सेल मोजावा. साठवणुकीच्या पातळीवर, म्हणजे ३.८ च्या आसपास, सगळे जवळजवळ सारखे हवेत. एखादा सेल ३ च्या खाली असेल किंवा पाकीट बोटाखाली उशीसारखे दबत असेल, तर पॅक चार्जला न लावता परत करावा.