थायरिस्टर

थायरिस्टर : सिलिकॉनच्या पी-एन-पी-एन अशा चार थरांचा, तीन संधी असलेला अर्धसंवाहक स्विच. टोकाच्या पी थराला अ‍ॅनोड, टोकाच्या एन थराला कॅथोड आणि आतल्या पी थराला गेट जोडलेले असते. गेटमधून अल्पकाळ प्रवाह दिला की तो सुरू होतो; मात्र गेटवरून बंद करता येत नाही. बंद होण्यासाठी अ‍ॅनोडप्रवाह धारणप्रवाहाखाली (वहन टिकवणाऱ्या किमान प्रवाहाखाली) जावा लागतो. शक्ति-इलेक्ट्रॉनिकीतील परिवर्तकांची (प्रत्यावर्ती व एकदिश वीज एकमेकांत बदलणाऱ्या मंडलांची) बहुतेक रचना या एका मर्यादेतून घडली आहे.

उगमाचे श्रेय कोणाला द्यावे यावर मतभेद आहेत. विल्यम शॉक्ली यांनी १९५० च्या सुमारास ‘हुक’ संग्राहकाची (जादा संधी असलेल्या ट्रँझिस्टर-संग्राहकाची) कल्पना मांडली, तिथून काही लेखक प्रारंभ धरतात. एबर्स यांनी १९५२ मध्ये चार थरांचे स्पष्टीकरण एकमेकांत गुंतलेल्या दोन ट्रँझिस्टरांच्या रूपात केले. १९५६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील मोल, टॅनेनबॉम, गोल्डी व होलोन्याक यांनी सिलिकॉनच्या पी-एन-पी-एन स्विचांवर निबंध प्रसिद्ध केला. मोठा प्रवाह पेलणारे, गेट असलेले व्यावहारिक उपकरण मात्र १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये गॉर्डन हॉल यांच्या गटाने केले. त्याचे उपयोग रूढ करण्यात गुट्झविलर यांचा वाटा मोठा होता. कल्पना आणि बांधणी वेगळ्या मानून १९५७ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याआधी हेच काम पारा-चाप एकदिशकारक व थायरट्रॉन नळ्या करीत.

एबर्स यांच्या प्रतिकृतीत एका ट्रँझिस्टरचा संग्राहकप्रवाह दुसऱ्याचा आधारप्रवाह होतो. दोन्हींच्या आल्फांची (संग्राहकप्रवाह व उत्सर्जकप्रवाह यांच्या गुणोत्तरांची) बेरीज १ च्या जवळ पोचली की प्रवाह स्वतःलाच वाढवतो आणि मधली संधी कोसळते. मग उपकरणावर साधारण १ ते २ व्होल्ट उरतात. गेटची स्पंदी काढण्यापूर्वी प्रवाह लॅचिंग प्रवाहापलीकडे जायला हवा, आणि तो धारणप्रवाहापेक्षा मोठा असतो. प्रवर्तकी भारात प्रवाह हळू चढतो, म्हणून आखूड स्पंदी पुरत नाही. लांब स्पंदी किंवा स्पंदींची मालिका द्यावी. दोन थायरिस्टर उलटसुलट जोडलेल्या प्रत्यावर्ती नियंत्रकात आखूड स्पंदीमुळे एकच बाजू चालू राहिली, तर पुढच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एकदिश घटक शिरतो, गाभा संपृक्त होतो आणि फ्यूज जातो.

थायरिस्टरवरील विद्युत् दाब (व्होल्टता) फार वेगाने चढला तर मधल्या संधीच्या धारकतेतून वाहणारा प्रवाहच गेटचे काम करतो. ते टाळण्यासाठी समांतर स्नबर लावतात : ०.१ मायक्रोफॅरडच्या आसपासचे धारित्र व त्याच्याशी एकसरीत काही दहा ओहमांचा रोधक. रोधक वगळला तर भरलेले धारित्र थायरिस्टर सुरू होताच त्याच्यात रिकामे होते. वहन आधी गेटलगतच्या लहान भागात सुरू होऊन मग पसरते. प्रवाह त्याहून वेगाने वाढला तर तिथेच तप्त बिंदू होऊन सिलिकॉन वितळते. म्हणून लहान प्रवर्तक एकसरीत घालतात. संरक्षक फ्यूजचे आय-वर्ग-टी (प्रवाहाचा वर्ग गुणिले काळ) मूल्य थायरिस्टरच्या मूल्याहून कमी असलेच पाहिजे. साधा फ्यूज इथे उशिरा वितळतो.

परिवर्तकात थायरिस्टर बंद करण्याचे काम वीजपुरवठ्याच्या जालातील प्रत्यावर्ती दाब करतो. पूर्ण नियंत्रित त्रिकला सेतूचा सरासरी दाब म्हणजे रेषादाबाच्या १.३५ पट गुणिले विलंबकोनाची (थायरिस्टर सुरू करायला मुद्दाम केलेल्या उशिराच्या कोनाची) कोज्या. ४१५ व्होल्टला शून्य अंशावर सुमारे ५६० व्होल्ट, ६० अंशांवर २८० व्होल्ट मिळतात. प्रवाह सलग असेल तर ९० अंशांवर शून्य. याची किंमत म्हणजे शक्तिगुणक त्याच कोज्येने घसरतो आणि जालात ५ वी, ७ वी, ११ वी, १३ वी गुणावृत्ती जाते.

९० अंशांपुढे दाब उलटतो व एकदिश बाजूची ऊर्जा जालात परतते. ५० हर्ट्झला १ अंश म्हणजे सुमारे ५५.६ मायक्रोसेकंद. विलंब १५० अंश असेल तर ३० अंश उरतात. त्यांतून प्रवाहांतराचा व्याप्तिकाळ (प्रवाह एका थायरिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना दोन्ही वाहत असतात तो काळ) वजा जातो आणि उरलेल्या वेळात बंद होणाऱ्या थायरिस्टरने रोधक्षमता परत मिळवायची असते. जालदाब अचानक खचला किंवा प्रवाह वाढला की व्याप्तिकाळ लांबतो, जुना थायरिस्टर पुन्हा वाहू लागतो आणि एकदिश बाजू एकाच शाखेतून लघुमंडलित होते. उच्चदाब एकदिश पारेषणात विलोपकोन (व्याप्तिकाळानंतर उरणारा हा कोन) १५ ते १८ अंश राखतात तो याचसाठी.

बॅटरीवर चालणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये जालाची ही मदत नसते. तेथे आधी भरलेले धारित्र उलट्या दाबाने जोडून थायरिस्टर बंद करीत. १०० अँपिअर, २०० व्होल्ट आणि २० मायक्रोसेकंदांच्या बंदकाळाला किमान १० मायक्रोफॅरड लागतात. सुरक्षेसाठी दीडपट ते दुप्पट घेतात. गेटनेच बंद होणारे जीटीओ (गेट टर्न-ऑफ थायरिस्टर) व पुढे आयजीबीटी (विलग गेटचा द्विध्रुवी ट्रँझिस्टर) आल्यावर ही मंडले मागे पडली. आयजीबीटी इन्व्हर्टरमध्ये एकाच शाखेतील दोन स्विच एकदम सुरू राहू नयेत म्हणून काही मायक्रोसेकंदांचा मृतकाळ ठेवतात.

अतिउच्च शक्तीत मात्र थायरिस्टर टिकून आहे. स्वीडनमधील गॉटलंडच्या १९५४ च्या पारा-चाप पारेषणाला १९७० मध्ये थायरिस्टर झडपा जोडल्या गेल्या. १९७२ चे कॅनडातील ईल रिव्हर केंद्र संपूर्ण थायरिस्टरांचे होते. अशा झडपेत अनेक थायरिस्टर एकसरीत असतात. प्रत्येकाचा गळतीप्रवाह वेगळा म्हणून समांतर रोधक, आणि बंदकाळ वेगळा म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र स्नबर लागतो. एरवी सर्वांत आधी बंद होणाऱ्यावर सारा दाब येऊन तो फुटतो.