आयोवा प्री-फ्लाइट सीहॉक्स (१९४३चा हंगाम)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाच्या आयोवा सिटी येथील वैमानिक-पूर्वप्रशिक्षण तळाचा अमेरिकन फुटबॉल संघ. १९४३च्या हंगामात त्याने दहापैकी नऊ सामने जिंकले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या, पत्रकारांच्या मतांवर ठरणाऱ्या अखेरच्या क्रमवारीत त्याला देशात दुसरे स्थान मिळाले. एकमेव पराभव झाला तो पहिल्या क्रमांकाच्या नोत्र देम विद्यापीठाकडून, एका गुणाने.

पर्ल हार्बरनंतर नौदलाला हजारो वैमानिक हवे होते. त्यांना विमानात बसवण्याआधी शरीराने आणि मनाने घट्ट करावे, या हेतूने १९४२मध्ये काही विद्यापीठांच्या आवारांत ‘प्री-फ्लाइट’ शाळा निघाल्या. आयोवा विद्यापीठाची वसतिगृहे आणि मैदाने नौदलाकडे गेली. पुढे अंतराळवीर झालेला जॉन ग्लेन याच शाळेतून गेला. येथे विमान उडवणे नव्हते. होते ते वर्ग, कवायत, पोहणे, कुस्ती आणि फुटबॉल. धक्का खाऊनही डोके शांत ठेवण्याची सवय मैदानावर लागते, असा टॉम हॅमिल्टन या नौदल अधिकाऱ्याचा ठाम विश्वास होता आणि या शाळांच्या शारीरिक प्रशिक्षणाची आखणी त्यानेच केली होती. ‘सीहॉक्स’ हे नाव घरचेच : विद्यापीठाच्या संघाला ‘हॉकआइज’ म्हणत, त्यातल्या ‘हॉक’ला नौदलाचा समुद्र जोडला.

आपल्याकडे रणजी करंडकात सेनादलाचा संघ खेळतो, तसाच हा प्रकार वाटेल. पण एक मोठा फरक होता. १९४३मध्ये व्यावसायिक संघांचे कितीतरी खेळाडू गणवेशात होते आणि तळाच्या संघाकडून ते थेट विद्यापीठांतल्या कोवळ्या पोरांसमोर उभे राहत. सीहॉक्सकडे वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाचा डिक टॉड होता, शिकागो कार्डिनल्सचा सेंटर व्हिन्स बॅनोनिस होता. समोरच्या ओहायो स्टेट विद्यापीठाने आदल्या वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते. पण या हंगामात लष्करी प्रशिक्षणार्थींना विद्यापीठाच्या संघातून खेळायला भूदलाची मनाई होती, त्यामुळे त्या संघात बहुतेक सतरा-अठरा वर्षांची मुले उरली. सीहॉक्सनी त्यांना २८–१३ असे हरवले. नौदलाने मात्र आपल्या प्रशिक्षणार्थींना खेळू दिले. त्या वर्षी कोणाचा संघ बलाढ्य आणि कोणाचा दुबळा, हे बऱ्याच अंशी बदलीच्या हुकमांवर ठरले. हे सामने बरोबरीचे होते असे म्हणणे कठीण आहे.

एकाच स्टेडियमवर दोन यजमान, हेही या हंगामाचे वैशिष्ट्य. आयोवा विद्यापीठाच्या स्वतःच्या संघाने वर्षभरात एकच सामना जिंकला. सीहॉक्सकडून तो २५–० असा हरला. याच मैदानावर नाव कमावलेला, १९३९चा हाइस्मन पुरस्कारविजेता (हा विद्यापीठीय फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) नाइल किनिक नौदलात वैमानिक झाला होता. हंगाम सुरू होण्यापूर्वी, २ जून १९४३ रोजी, व्हेनेझुएलाजवळच्या समुद्रात त्याचे विमान कोसळले. १९७२पासून ते स्टेडियम त्याच्या नावाने ओळखले जाते.

प्रशिक्षक डॉन फॉरो मिझुरी विद्यापीठातून नौदलात आला होता. त्याची ‘स्प्लिट-टी’ ही मांडणी १९४१ची. तिची गंमत अशी : आघाडीचे गडी नेहमीपेक्षा दूरदूर उभे राहतात, त्यामुळे बचावफळीलाही पसरावे लागते. चेंडू हाती येताच क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, मागे न हटता आघाडीच्या रेषेला समांतर, कडेकडे सरकतो. कडेच्या एका बचावपटूला मुद्दाम मोकळे सोडलेले असते. तो अंगावर आला, तर चेंडू बाहेरच्या साथीदाराकडे फेकायचा; तो बाहेरच्यावर नजर ठेवून थांबला, तर स्वतःच आत घुसायचे. बास्केटबॉलमध्ये दोघे मिळून एकाला चकवतात, ती युक्ती फॉरोने फुटबॉलमध्ये आणली. त्याच्या स्वतःच्या मिझुरीलाही ती त्या वर्षी सीहॉक्सकडून सोसावी लागली : २१–६.

आठ सामने जिंकून सीहॉक्स २० नोव्हेंबरला नोत्र देमच्या गावी, साउथ बेंडला गेले. नोत्र देमही अपराजित होता. मात्र त्याचा क्वार्टरबॅक अँजेलो बर्टेली हंगामाच्या मध्यातच मरीन दलात रुजू झाला होता (त्या वर्षीचा हाइस्मन त्यालाच मिळाला) आणि त्याच्या जागी जॉनी लुजॅक खेळत होता. दोन्ही संघांनी दोन-दोन टचडाउन केले, म्हणजे चेंडू दोनदा प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला; प्रत्येकी सहा, असे बारा-बारा गुण. टचडाउननंतर दोन खांबांमधून चेंडू मारला की जादा एक गुण मिळतो. नोत्र देमच्या दोन्ही किक बरोबर गेल्या, सीहॉक्सची एक हुकली. १४–१३.

पुढच्या शनिवारी सीहॉक्सनी मिनेसोटाला ३२–० असे झोडपले. त्याच दिवशी ग्रेट लेक्स नौदल तळाच्या संघाने शेवटच्या मिनिटातल्या लांब पासवर नोत्र देमला १९–१४ असे हरवले. दोघांच्या खाती आता नऊ विजय आणि एक पराभव. तरी पत्रकारांनी पहिला क्रमांक नोत्र देमलाच दिला. समोरासमोरचा निकाल आणि नोत्र देमचे खडतर वेळापत्रक पाहता त्यांचे फारसे चुकले नाही.

तळाचा प्रशिक्षक दरवर्षी बदलत असे : १९४२मध्ये बर्नी बिअरमन, १९४४मध्ये जॅक मार. तीन हंगामांत सव्वीस विजय आणि पाच पराभव नोंदवून युद्धाबरोबर हा संघही संपला. स्प्लिट-टी मात्र पसरली, कारण १९४३मध्ये फॉरोच्या हाताखाली जिम टेटम आणि बड विल्किन्सन हे सहायक होते. युद्धानंतर दोघे प्रशिक्षक म्हणून ओक्लाहोमा विद्यापीठाला गेले. टेटम तिथून मेरिलँडला गेला, विल्किन्सन तिथेच राहिला. त्याच्या संघाने १९५३ ते १९५७ दरम्यान सलग ४७ सामने जिंकले. १ जानेवारी १९५४ रोजी मायामीच्या ऑरेंज बाउल या हंगामानंतरच्या सामन्यात दोघे समोरासमोर आले आणि ओक्लाहोमाने मेरिलँडला ७–० असे हरवले. फॉरो मिझुरीला परतला होता. १९४६ ते १९५६ या अकरा वर्षांत त्याचा संघ दरवर्षी ओक्लाहोमाशी खेळला आणि दरवर्षी हरला.