तीस महिने भरले म्हणजे पाच वर्षं सलग झाली, असं नव्हे

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जा, हातात ताट घेऊन उभ्या असलेल्या कुणाच्या तरी तोंडून हे वाक्य ऐकू येतंच: ‘अहो, पाच वर्षांत तीस महिने भरले की सिटिझनशिप मिळते, बाकी काही बघत नाहीत.’ सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याचं स्वतःचं काम तेवढ्यावर झालेलं असतं, कारण तो कधी तीन आठवड्यांपेक्षा जास्त भारतात राहिलेलाच नसतो. पण ऐकणारी बाई वडिलांच्या ऑपरेशनसाठी सहा-सात महिने नाशिकला राहून आलेली असते आणि तिच्यासाठी हे वाक्य निम्मंच खरं असतं. हे निम्मं सत्य ऐकून ऐकून मी थकलोय, म्हणून एकदा नीट लिहितो.

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना, आणि त्यावर पाच वर्षं काढली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पाच वर्षं मोजायची ती कार्डावर छापलेल्या ‘रेसिडेंट सिन्स’ या तारखेपासून. त्याआधी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काढलेली दहा वर्षं या हिशेबात शून्य. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असेल आणि दोघं एकत्र राहत असाल, तर पाचऐवजी तीन वर्षं. इथपर्यंत कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो पुढे. कायद्यात दोन अटी शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही त्याच पाच वर्षांना लावल्या जातात, त्यामुळे त्या एकच वाटतात. एक आहे फिजिकल प्रेझेन्स, म्हणजे प्रत्यक्ष हजेरी. दुसरी कंटिन्युअस रेसिडेन्स, म्हणजे सलग वास्तव्य.

हजेरी ही बेरीज आहे. पाच वर्षांपैकी निम्मे दिवस, म्हणजे ३० महिने किंवा ९१३ दिवस, तुमचे पाय अमेरिकेच्या जमिनीवर असले पाहिजेत. तीन वर्षांच्या नियमात १८ महिने. निघाल्याचा दिवस आणि परत उतरल्याचा दिवस, दोन्ही अमेरिकेतले धरतात. दिवस कुठलेही, कसेही चालतात, एकूण आकडा भरला की झालं.

सलग वास्तव्यात बेरीज नाहीच. तिथे बघतात तो खंड. एका फेरीत तुम्ही सलग किती काळ बाहेर होतात, हा तो प्रश्न. कॉलेजची पंचाहत्तर टक्के हजेरी आणि सोळा सोमवारांचं व्रत यांत जो फरक, तोच इथे. हजेरी कमी पडली तर पुढे जास्त बसून भरून काढता येते. व्रतात खंड पडला, की पुढचे सोमवार कितीही निष्ठेने केले तरी मोजणी पहिल्यापासून.

खंड कधी धरतात? एका फेरीत सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलात तर एरवी प्रश्न येत नाही. सहा महिन्यांच्या वर गेलात पण वर्षाच्या आत परतलात, तर खंड पडला असं गृहीत धरतात आणि तसं नव्हतं हे तुम्ही कागदांनिशी दाखवायचं. एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ बाहेर राहिलात, तर खंड पडलाच. तिथे कारण कितीही खरं असो, ऐकलं जात नाही. नागरिकत्वापुरतं वास्तव्य तुटलं, मोजणी नव्याने. अशा माणसाला परत आल्यापासून ४ वर्षं आणि १ दिवसाने अर्ज करता येतो, पण तेव्हाही मागच्या पाच वर्षांत त्या गैरहजेरीतले जवळपास वर्षभराचे दिवस उरतात, म्हणून ते सहा महिन्यांचं गृहीतक डोक्यावर असतंच. मी तर म्हणतो, आणखी सहा महिने थांबा, म्हणजे तेही उतरतं. इतकी वर्षं थांबलात, तिथे अर्ध्या वर्षासाठी नागरिकत्वाच्या इंटरव्ह्यूत धाकधूक कशाला?

माझ्या मावशीचं उदाहरण देतो, तिची परवानगी घेऊनच. ती न्यू जर्सीत एका शाळेत काम करते. ग्रीन कार्ड जानेवारी २०१९ चं. आजोबांच्या ऑपरेशनसाठी ती १४ ऑक्टोबर २०२१ ला निघाली आणि ३ मे २०२२ ला परतली. पाच वर्षांत बाकीच्या दोन फेऱ्या छोट्या, एक ३८ दिवसांची, एक ४६ दिवसांची. अर्ज भरायच्या आधी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा पासपोर्ट आणि जुन्या कालनिर्णयची पानं घेऊन बसलो. ती दरवर्षीचं कालनिर्णय जपून ठेवते, विमानाच्या तारखांभोवती लाल पेनाने गोल केलेले असतात. पासपोर्टवरचे शिक्के एकमेकांवर उमटलेले, एक तर अगदी पुसट, तिथे कालनिर्णयच कामी आलं. मोठी फेरी भरली २०० दिवस. तिन्ही मिळून २८४. म्हणजे १८२६ दिवसांतले १५४२ दिवस ती अमेरिकेत होती, लागतात त्यापेक्षा सव्वासहाशे दिवस जास्त. तिचे यजमान म्हणाले, ‘बघ, मी सांगत होतो, भरपूर आहेत.’ आणि तरीही ती अडचणीत होती, कारण सहा महिने १४ एप्रिलला संपले होते आणि ती आली ३ मेला. एकोणीस दिवस.

आता उलटं बघा. तिच्याच बिल्डिंगमधले एक निवृत्त काका, मुलाने नेलेले. त्यांना कुणीतरी सहा महिन्यांचा नियम पक्का शिकवला होता. ते साडेपाच महिने सांगलीला राहत, चार महिने इथे, पुन्हा साडेपाच महिने तिकडे. एकही फेरी सहा महिन्यांच्या वर नाही. पण २८५ दिवसांच्या प्रत्येक चक्रात १६५ बाहेर आणि १२० आत, म्हणजे हजेरी बेचाळीस टक्के. पाच वर्षांचे भरतात सुमारे ७७० दिवस. ९१३ ला दीडशेच्या आसपास कमी. मावशीची बेरीज भरली पण व्रतात खंड, काकांचा फेरीगणिक खंड नाही पण बेरीज उणी. शिवाय प्रत्येक फेरी सहा महिन्यांच्या आत असली तरी अशा लांब आणि वारंवार फेऱ्यांवरून तुमचं खरं राहतं घर अमेरिकेत नाहीच, असं अधिकारी ठरवू शकतात. एक दिवस टेकून पुन्हा विमानात बसलं की घड्याळ नव्याने सुरू होतं, ही समजूत त्यामुळे धोक्याची आहे.

मावशीच्या फायलीकडे परत येतो, कारण लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. तिने पहिली फाइल केली ती आजोबांची: डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या. मुलगी म्हणून तिला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटणार, ते मी समजू शकतो. पण गृहीतक खोडायला प्रश्न वेगळा असतो. ‘का गेलात’ यापेक्षा ‘गेलात तेव्हा अमेरिकेतलं तुमचं बिऱ्हाड तसंच होतं का’ हे बघतात. नियमात उदाहरणं दिलीत तीही त्याच धर्तीची: इथली नोकरी सोडली नाही, जवळचं कुटुंब इथेच राहिलं, घर ताब्यात राहिलं, तिकडे नोकरी धरली नाही. म्हणून आम्ही दुसरी फाइल केली. शाळेने दिलेलं रजेचं पत्र, त्या सात-आठ महिन्यांचा घरभाड्याचा करार आणि पावत्या, यजमानांच्या पगाराच्या स्लिपा, मुलाचा शाळेचा हजेरीपट, टॅक्स रिटर्नच्या प्रती. डिस्चार्ज कार्ड ठेवलं, पण सर्वांत खाली. इंटरव्ह्यूत त्या २०० दिवसांबद्दल विचारलंच, आणि अधिकाऱ्याने मागितलं ते भाड्याचं कागदपत्र. तिचं काम झालं. भाड्याने दिलेलं घर, सोडलेली नोकरी आणि सोबत नेलेली मुलं अशी स्थिती असती, तर त्याच डिस्चार्ज कार्डाने काही झालं नसतं.

टॅक्सचं एक आवर्जून सांगतो. काही जण टॅक्स वाचवायला म्हणून त्या वर्षी नॉन-रेसिडेंटचं रिटर्न भरतात. कृपा करून असं करू नका. ‘मी इथला रहिवासी नाही’ हे तुम्ही स्वतः सही करून सरकारला लिहून दिल्यासारखं आहे, आणि वास्तव्य सोडल्याचा अर्थ त्यावरून काढतात.

आणखी एक गैरसमज रीएंट्री परमिटचा. तो अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा असतो, साधारण दोन वर्षांपर्यंतचं परमिट मिळतं आणि वर्षाच्या वर बाहेर राहून ग्रीन कार्डावर परत येता येतं. लोक समजतात की त्यामुळे नागरिकत्वाची वर्षंही शाबूत राहतात. नाही राहत. परमिट कार्डासाठी आहे. तुम्ही चौदा महिने बाहेर राहिलात, तर परमिट असूनही सलग वास्तव्य तुटलं. ते वाचवण्यासाठी एन-४७० हा वेगळा अर्ज आहे, पण तो अमेरिकन सरकार, ठराविक अमेरिकन कंपन्या आणि संशोधन संस्था अशांच्या कामावर परदेशी जाणाऱ्यांसाठी. आईवडिलांच्या सेवेसाठी जाणाऱ्याला तो लागू नाही. हे मला मनापासून खुपतं, पण नियम तसा आहे.

सहा महिन्यांची ही इतकी घट्ट समजूत आली कुठून? माझ्या मते आईवडिलांच्या व्हिजिटर व्हिसावरून. त्या व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने अमेरिकेत राहू देतात, म्हणून ‘सहा महिने’ हा शब्द घराघरात बसला. तिथे सहा महिने ही आत राहायची मर्यादा आहे. ग्रीन कार्डाच्या बाबतीत सहा महिने बाहेरचे मोजतात. शब्द तोच, दिशा उलटी. त्यातून ‘दर सहा महिन्यांनी एकदा जाऊन आलं की कार्ड जिवंत राहतं’ हा तिसरा घोळ जन्मतो. कार्ड टिकणं हा तर या दोन्ही अटींहून वेगळा प्रश्न. तिथे बघतात तो हेतू, कायमचं घर कुठे आहे ते. १८० दिवसांच्या वर बाहेर राहून आलात तर विमानतळावर तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा धरू शकतात, आणि वर्ष उलटलं तर परमिटशिवाय नुसतं कार्ड परतीला पुरत नाही. पण दर सहा महिन्यांनी पंधरा दिवस येऊन जाणाऱ्यालाही ‘तुम्ही इथे राहत नाही’ असं म्हणता येतं. विमानतळावर घाबरून ग्रीन कार्ड सोडल्याच्या फॉर्मवर, आय-४०७ वर, सही करू नका. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडायचा हक्क तुम्हाला आहे.

२०२० मध्ये हे सगळं एकदम अंगावर आलं. मार्चअखेर भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि लग्नकार्याला महिनाभरासाठी गेलेले कितीतरी जण पुण्या-मुंबईत अडकले. त्या फेऱ्या सहा महिन्यांच्या वर गेल्या आणि गृहीतक त्यांनाही लागलं. ज्यांनी रद्द झालेली तिकिटं आणि एअरलाइनचे ईमेल जपून ठेवले, त्यांना निदान दाखवायला काही होतं.

जे आईवडील वर्षाचे आठ-नऊ महिने गावी राहणार हे पक्कं आहे, त्यांना ग्रीन कार्ड घेऊन देऊ नका, असं मी ठामपणे सांगतो. दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा त्यांच्या आयुष्याला जास्त शोभतो. सत्तरीच्या माणसाला दर काही महिन्यांनी कार्डाच्या काळजीने सोळा-सोळा तासांच्या विमानात बसवायचं आणि इमिग्रेशनच्या रांगेत उत्तरं द्यायला उभं करायचं, हे प्रेम नाही. मुलं चांगल्या मनाने करतात, पण हाल म्हाताऱ्यांचे होतात.

बाकीच्या अटी सोप्या आहेत. ज्या राज्यातून अर्ज कराल तिथे आधीचे तीन महिने राहिलेले असा. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी अर्ज टाकता येतो, मात्र ही सवलत सलग वास्तव्याला आहे. ९१३ दिवस अर्जाच्या दिवशी भरलेलेच हवेत. आणि परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत देतो ते ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व, हे म्हणणं कृपया थांबवा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली की भारतीय पासपोर्ट परत करायचा, मतदान संपलं, आणि सातबाऱ्यावर नाव चढवायला शेतजमीन विकत घेता येत नाही. शपथेच्या आधी हे आईवडिलांशी आणि भावंडांशी बोलून घ्या.

एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतल्या, २४ तासांहून मोठ्या प्रत्येक फेरीची तारीख लिहायची असते. आठवणीवर लिहू नका. आणि अर्ज गेला, पावती आली, म्हणजे मोजणी थांबली असंही नाही: सलग वास्तव्याची अट शपथेच्या दिवसापर्यंत चालू राहते. मावशीने अर्ज टाकला त्या वर्षी आजोबांचं वर्षश्राद्ध होतं. ती तीन आठवड्यांसाठी गेली, परतीच्या तारखेभोवती लाल गोल करूनच.